अमावास्येचा एक-एक घास

"एका घासानं काय होतं?" असं माझ्यासमोर कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. समोरचा बिचारा लग्नाच्या पंगतीत जिलबीचा आग्रह करत असतो, त्याला काय माहीत! माझा नवरा घाईघाईनं विषय बदलतो, मी घटाघटा पाणी पिते, पण राग काही जात नाही. इतकी वर्षं झाली तरी नाही.

मी जबलपूरला जनावरांच्या डॉक्टरीच्या कॉलेजात लॅब टेक्निशियन आहे. माझं काम सांगितलं की लोक नाक मुरडतात. गायीम्हशींच्या पोटातला रस आणायचा, गाळायचा, त्याचा आंबटपणा मोजायचा आणि त्यातला एक थेंब काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघायचा. निरोगी गायीचा तो थेंब म्हणजे दिवाळीच्या आदल्या दिवशीचा आमचा कमानिया गेटचा बाजार. बारीक बारीक जीव एकमेकांना ढकलत नुसते पळत असतात. गवत, कडबा पचवतात ते हेच जीव आणि त्यांच्या जिवावर गाय जगते. पोटात एकदम भरपूर पीठ आणि गोडधोड गेलं की तिथं आम्ल तयार होतं. त्या आम्लात हे जीव मरतात आणि त्यांच्यामागून गाय.

यावर आमच्याकडे किती प्रबंध झाले असतील, देव जाणे. मुलं येतात, माझ्याकडून काचा रंगवून घेतात, जाड पुठ्ठ्याचं इंग्रजी पुस्तक बांधतात, पेढे वाटतात आणि नोकरीला लागतात. पुस्तक कपाटात जातं. दर पितृपक्षात खीर-पुरी खाऊन आडव्या झालेल्या गायी दवाखान्यात येतात, हे आमच्या शिपायापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. पण त्या कपाटातलं एक पान साध्या हिंदीत किंवा मराठीत लिहून एखाद्या गल्लीत चिकटवावं, असं एकाही शहाण्याला सुचलं नाही. त्या शहाण्यांत मीही आले.

आमचं घर कांचघर नावाच्या वस्तीच्या बाजूला. गल्लीत मराठी घरं बरीच, कोणी फॅक्टरीतले, कोणी रेल्वेतले. माझे बाबा आणि शेजारचे काका फॅक्टरीच्या एकाच शॉपमध्ये, म्हणजे एकाच खात्यात, कामाला होते. एकाच वेळी सायकली काढायचे आणि एकाच वेळी परत यायचे. काकांची बायको गेली, मुलगा बेंगळूरला नोकरीला लागला, नंतर माझे बाबाही गेले. काकांजवळ उरली ती त्यांची गाय. काकूंनी ती पाडी असताना आणली होती. काका तिला माय म्हणत आणि सकाळी दात घासताना तिच्याशी गप्पा मारत. "काहून व माय, आज कडबा नाही खाऊन राहिली?" हे वाक्य मी खिडकीतून इतक्या वेळा ऐकलंय की त्यावरून माझी चहाची वेळ ठरलेली होती.

मग ते लंपीचं वर्ष आलं. गायींच्या अंगावर गाठी, ताप, पायांना सूज, रस्त्याच्या कडेला गळून पडलेली जनावरं. आपल्या शास्त्रज्ञांनी लस तयार केल्याची बातमी पेपरात झळकली होती, पण त्या लसीची बाटली आमच्यापर्यंत पोचलेली नव्हती. शेळ्यांच्या देवीची लस गायींना चालते, असं संशोधनातून दिसलं होतं, म्हणून तीच टोचत आम्ही गावोगाव हिंडत होतो. मायला मी सगळ्यात आधी टोचून घेतली. हा रोग चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचिडांमुळे पसरतो, असं मी काकांना एकदाच सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या पलंगाची मच्छरदाणी काढली, तिला जुन्या साड्या जोडल्या आणि गोठ्यात टांगली. संध्याकाळी कडुलिंबाचा धूर सुरू झाला आणि दारात चुन्याची रेघ आली. बाहेरचा माणूस आत सोडायचा नाही म्हणजे नाही. काका स्वतः उघड्यावर, डासांत झोपत होते. त्या वर्षी आमच्या गल्लीत अंगावर एकही गाठ नसलेली एकच गाय होती, ती माय.

पितृपक्ष लागला तेव्हा मी मराठी मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं की मोकाट गायींना हात लावू नका, खाऊ घालू नका, हातांतून आणि कपड्यांतून रोग दुसऱ्या जनावरापर्यंत जाऊ शकतो. लगेच मंडळाच्या सेक्रेटरी वहिनींचा फोन आला. मी तेव्हा एका खेड्यात होते. एका हातात सिरिंज, दुसऱ्या हातात एका बिथरलेल्या वासराचा कान.

"अगं, पण अमावास्येला गोग्रास कोणाला द्यायचा?" वहिनी म्हणाल्या. "पितरांचं अडून राहील ना!"

"काकांच्या गायीला द्या. ती एकच निरोगी आहे," मी म्हणाले. "पण एक-एक घासच हं."

हे मी म्हणाले. बावीस वर्षं गायींची पोटं तपासणाऱ्या बाईनं हे फोनवर सांगितलं, कारण वासरू उधळत होतं आणि मला फोन ठेवायचा होता. किती घरं आहेत, याचा हिशेब मी केला नाही.

सर्वपित्री अमावास्येला मी पहाटे उठून खीर-पुरी केली. बाजारात नुकतेच शिंगाडे आले होते. बाबा फॅक्टरीतून येताना सदर बाजारातून उकडलेल्या शिंगाड्यांची पुडी आणायचे आणि काकांच्या ओट्यावर बसून दोघं ती संपवायचे. सोललेले शिंगाडे बाबांना चालत नसत, सोलण्यातच मजा म्हणायचे. म्हणून मी द्रोणात खिरीत बुडवलेली एक पुरी आणि सालासकट उकडलेले दोन शिंगाडे ठेवले आणि ड्यूटीवर जायच्या आधी काकांकडे गेले. काका इस्त्रीचा सदरा घालून फाटकात उभे होते. मायच्या गळ्यात झेंडूची माळ होती. आज आपल्याकडे पाहुणे येणार, असा काहीतरी त्यांचा चेहरा होता.

"बाबाचे शिंगाडे आणले काय बेटा?" त्यांनी द्रोणात डोकावून विचारलं आणि स्वतः मच्छरदाणी वर धरली. मायनं एका झटक्यात सगळं गिळलं.

मी पाच वाजता परतले. काकांच्या फाटकाबाहेर द्रोण आणि पत्रावळींचा ढीग कमरेइतका झाला होता. वहिनींनी माझा निरोप आमच्या ग्रुपवर टाकला आणि तिथून तो शहरभर गेला. निरोगी गाय, कांचघर, एवढंच त्यात उरलं होतं. "एक-एक घास" कोणाच्या तरी बोटाखाली गळून पडलं, आणि उरलं असतं तरी काय फरक पडला असता? प्रत्येकानं एकच घास दिला होता.

"लाईन लागून गेली होती बेटा," काका म्हणाले. "सदरहून लोक ऑटो करून आले. आता पितरांचा घास आहे, नाही कसा म्हणू? ती बी खुशीनं खाऊन राहिली होती."

ती आता खुशीत नव्हती. मान खाली, डोळे खोल, दात करकर वाजत होते. रवंथ बंद होतं. डावी कूस फुगलेली, दाबली की आत पाणी डचमळल्यासारखं लागत होतं. शेण पातळ आणि त्याला आंबूस वास. मला आणखी काही तपासायची गरज नव्हती.

तेवढ्यात फाटकाशी एक नवराबायको स्टीलचा डबा घेऊन हजर. बाई हसून म्हणाली, "दीदी, हमारा बस एक कौर है। पितरों का है।" म्हणजे त्यांचाही एकच घास.

"तो पितरों को ही खिलाइए ना! इसकी जान क्यों ले रहे हैं?" मी ओरडले आणि डबा असा ढकलला की खीर त्यांच्या स्कूटरवर सांडली. ते दोघं मला संस्कार नसलेली बाई म्हणून गेले. त्या ढकलण्याचं मला आजही वाईट वाटत नाही. सकाळपासून कोणीतरी हेच करायला हवं होतं आणि ते मी करायला हवं होतं.

आमच्या कॉलेजचे सर्जन डॉक्टर बिचारे लगेच आले. त्यांनी खायचा सोडा पाण्यातून पाजला, सलाइन लावलं. सकाळपर्यंत उतार नाही, तेव्हा पोट उघडायचं ठरलं. त्याआधी मी नळीनं थोडा रस काढला. लिटमसचा कागद बुडवताक्षणी लाल झाला. थेंब काचेवर घेऊन मी डॉक्टरांनी सोबत आणलेल्या छोट्या मायक्रोस्कोपला डोळा लावला. काहीही हलत नव्हतं. कितीतरी वेळ मी काच इकडून तिकडे सरकवत राहिले, एखादा तरी जीव दिसावा म्हणून.

अशा वेळी एक उपाय असतो. पोट साफ केल्यावर दुसऱ्या निरोगी गायीच्या पोटातला रस आणून आजारी गायीच्या पोटात घालायचा, म्हणजे नवे जीव तिथं रुजतात. त्यावरही आमच्या कपाटात भरपूर लिहिलेलं आहे. मी कॉलेजात फोन केला. तिथल्या गायी लंपीमुळे विलग ठेवलेल्या, आतलं काहीही बाहेर न्यायला बंदी. तो नियम बरोबरच होता. त्याची नोटीस मीच माझ्या हातानं दारावर चिकटवली होती. आता भांडू कोणाशी?

गोठ्यातच, माय उभी असताना, डाव्या कुशीला भूल देऊन डॉक्टरांनी चीर घेतली आणि खांद्यापर्यंत हातमोजा घालून हात आत घातला. काका कासरा धरून तिच्या तोंडाशी उभे होते. बाहेर आला तो नुसता लगदा. फुगलेल्या पुऱ्या, भात, उडदाचे वडे, पांढरट पाणी. घमेल्यामागून घमेलं भरत होतं. मग एक रबरबँड निघालं. मग गाठ मारलेली प्लास्टिकची पिशवी, आत खीर तशीच. कोणीतरी पिशवी सोडायचेही कष्ट घेतले नव्हते! पितरांसाठी वेळ काढून आला होता म्हणे. डॉक्टरांनी ती माझ्या हातात दिली तेव्हा त्या माणसाला शोधून ती पिशवी त्याच्या दाराला बांधायची, असं मी मनात ठरवूनही टाकलं.

पुढच्या ओंजळीत दोन शिंगाडे आले. एक दातांनी थोडा चेपलेला, एक अख्खा, काळा, दोन्ही शिंगं शाबूत.

काकांनी कासरा माझ्या हातात दिला, अख्खा शिंगाडा उचलला, नळाखाली धुतला आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला. माझ्याकडे त्यांनी बघितलं की नाही, माहीत नाही. मी मान वर करून त्यांच्याकडे बघू शकले नाही, एवढं नक्की.

माय दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. आणि मग जे सुरू झालं त्यानं माझा उरलासुरला ताबा सुटला. बायका हळद-कुंकू घेऊन आल्या. हार आले, उदबत्त्या आल्या. महापालिकेचा ट्रॅक्टर येईपर्यंत गोठ्यात देवळासारखी गर्दी. वहिनींनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "भाग्यवान गं. सगळ्यांच्या पितरांना जेवू घालून गेली. पितरांनीच नेली तिला."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. किती सोयीचं! आपण खाऊ घालायचं, पितरांनी न्यायचं, आणि पुढच्या वर्षी पुन्हा खीर करायला आपण मोकळे. मी वहिनींना तिथंच सुनावलं, सगळ्यांदेखत. "पितरांनी नाही नेली, पुऱ्यांनी नेली," म्हणाले. त्या म्हणाल्या, "अगं, कॉलेजात शिकवतात ते वेगळं." माझं ऐकून घ्यायला तिथं कोणाला वेळ नव्हता.

घरी येऊन मी मुलीचा ड्रॉइंगचा मोठा कागद घेतला आणि स्केचपेननं, मराठीत आणि खाली हिंदीत लिहिलं: काकांच्या गायीच्या पोटातून काय निघालं. पुऱ्या लिहिल्या, वडे, भात, खीर लिहिली, पिशवी गाठीसकट लिहिली. पोटात आम्ल कसं होतं ते चार सोप्या ओळींत लिहिलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा मी माझं काम माझ्या भाषेत लिहीत होते. शेवटी वर थोडी जागा ठेवली होती तिथं लिहिलं: दोन शिंगाडे, माझ्या घरचे. सगळ्यांना काकांकडे मीच पाठवलं.

कागद घेऊन मी काकांच्या फाटकाशी गेले, कारण तो लावायचा तर तिथंच. काका रिकाम्या गोठ्यातली मच्छरदाणी सोडवत होते. त्यांनी चष्मा लावला आणि उभ्यानं सगळा कागद वाचला, मराठी आणि हिंदी दोन्ही. मग पुन्हा वरच्या ओळीपाशी येऊन ते थांबले. मग खिशातून पेन काढलं. त्याच खिशात तो शिंगाडा अजून होता, त्याचा फुगवटा मला दिसला. आता ते माझी ओळ खोडणार, बाबांच्या मैत्रीखातर मला मोकळं करणार, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर त्यांनी ती खोडावी, असंच वाटत होतं.

"एक लाईन सुटली बेटा," काका म्हणाले.

त्यांनी कागद फाटकाच्या पत्र्यावर टेकवला आणि माझ्या ओळीखाली, फॅक्टरीत जॉबकार्ड भरायचे तशा ठसठशीत अक्षरात लिहिलं: दार मी उघडलं होतं.

"आता लाव," ते म्हणाले आणि पेनाला टोपण घातलं. "आता कोणी नाही म्हणणार, पितरांनी नेली म्हणून."