प्रमिलाची पिवळी फ्लॉपी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच, आणि ज्या सरांना सांगायला हवं होतं ते आता राहिले नाहीत. मग तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही प्रमिलाला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखत असता तर ऐकता ऐकता तिचा चेहरा तुमच्या डोळ्यांसमोर आला असता, आणि मला पुढे बोलता आलं नसतं.

नव्वदीच्या सुरुवातीची वर्षं. जळगावात सरांचं छोटं ऑफिस होतं, तिथे आम्ही नोकरीला. खाली पाण्याच्या मोटारींचं दुकान, वर आम्ही. तीन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, आणि एक एसी – तो माणसांसाठी नव्हता, मशीनसाठी होता. आम्ही चपला बाहेर काढून देवळात शिरावं तसं आत जायचो. मी पिंप्राळ्याहून सायकलने यायचे. प्रमिला पाटील रोज पारोळ्याहून एसटीने यायची, दीड तास येताना, दीड तास जाताना. तिच्या घरातली नोकरी करणारी ती पहिली मुलगी. वडिलांनी, म्हणजे तिच्या आबांनी, वर्षभराची मुदत दिली होती. वर्षात कायम झालीस तर नोकरी कर, नाहीतर दोंडाईचाचं स्थळ आलेलंच आहे. सरांनी तिला जूनपासून कायम करायचं कबूल केलं होतं. ही गोष्ट मला माहीत होती. सगळ्यात आधी तिने मलाच सांगितली होती.

आता कामाचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. धुळ्याच्या एका शिक्षणसंस्थेच्या शाळांचे निकाल तयार करायचा प्रोग्रॅम आम्ही लिहीत होतो. एकाच प्रोग्रॅमवर चौघांचे हात. एकाने केलेलं दुसऱ्याने पुसू नये म्हणून सरांनी एक पद्धत घालून दिली होती. मूळ प्रत कपाटात कुलपात. तिला ते खोड म्हणायचे. काम करायचं तर खोडाची नक्कल आपल्या फ्लॉपीवर घ्यायची, ती तुमची फांदी. फांदीवर काय हवा तो गोंधळ घाला. शनिवारी दुपारी जोडणी. जोडणी म्हणजे दोघांनी समोरासमोर बसायचं, एकाने आपल्या फांदीचे छापील कागद ओळ न् ओळ मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने खोडाच्या कागदावर फरक दिसेल तिथे लाल खूण करायची. मग त्या खुणांप्रमाणे खोड बदलायचं, रजिस्टरमध्ये दोघांनी सह्या करायच्या, आणि मशीनवरच्या जुन्या नकला पुसून टाकायच्या. एकट्याने जोडणी करायची नाही, असा नियमच होता. कपाटाची किल्ली माझ्याकडे असायची. दोन वर्षं जुनी होते ना मी. त्या किल्लीचा मला काय तोरा होता, आज आठवलं तरी लाज वाटते.

माझ्या फ्लॉपीवर निळी चिठ्ठी होती, प्रमिलाच्या फ्लॉपीवर पिवळी.

त्या आठवड्यात माझ्याकडे गुणपत्रिकेच्या छपाईचं काम होतं आणि तिच्याकडे ग्रेसच्या गुणांचं. एखाद्या विषयात दोन-तीन गुणांनी राहिलेल्या मुलाला ते गुण देऊन पास करायचं, पण किती विषयांत, कुणाला, याचे संस्थेचे चमत्कारिक नियम होते. अवघड काम होतं ते. सरांनी मला न देता तिला दिलं, आणि तिने ते पंचवीसेक ओळींत नीट बसवलं. शनिवारी सकाळी पडद्यावर बघून सर म्हणाले, "हिचा हात स्वच्छ आहे." मला ते लागलं. इतकंसं वाक्य – पण लागलं.

शनिवारी दुपारी लाईट गेली. एप्रिलचा शेवट, जळगावचं ऊन, एसी बंद, खोलीची भट्टी झालेली. प्रिंटर चालेना, म्हणजे वाचन नाही. प्रमिलाची चारची गाडी. मीच तिला म्हणाले, "तू जा, सही करून ठेव, लाईट आली की मी करते सगळं." ती घुटमळली. नियम तिलाही माहीत होता. पण मी जुनी, आणि तिला घरी सातच्या आत पोचायचं असायचं. तिने सही केली, पिवळी फ्लॉपी माझ्या हातात दिली आणि पदर डोक्यावर ओढून उन्हात पळाली.

लाईट साडेपाचला आली. छापायचं, एकटीने दोन्हीकडचं वाचायचं, खुणा करायच्या – दोन तासांचं काम. मी काय केलं? माझी अख्खी फाईल उचलून खोडावर चढवली. तिच्या ओळी त्याच फाईलमध्ये जायच्या होत्या, त्या सोमवारी घालू म्हटलं. रजिस्टरमध्ये तिच्या सहीखाली माझी सही ठोकली. मशीनवरच्या नकला मात्र नियमाप्रमाणे पुसल्या. तेवढा नियम पाळला बघा. आणि सोमवारी विसरले. खरंच विसरले. पण हे विसरणं हा माझा गुन्हा नाही. तेवढाच असता तर मी तुम्हाला थांबवून धरलं नसतं.

चाचणीसाठी आम्ही जी सहा-सात खोटी नावं वापरायचो, त्यात ग्रेसवर पास होणारं कुणीच नव्हतं. त्यामुळे सगळं बरोबर दिसलं. सर स्वतः निकालाचे गठ्ठे घेऊन धुळ्याला गेले. शाळांनी निकाल लावले. ज्या पोरांना ग्रेस मिळायला हवी होती ती सगळी नापास! दुपारपर्यंत मास्तरांच्या लक्षात आलं आणि निकाल उतरवले गेले. पण तोवर व्हरांड्यात एका बापाने आपल्या पोरीला सगळ्यांसमोर थोबाडीत मारली होती. सरांनी ते डोळ्यांनी पाहिलं. संस्थेने काम काढून घेतलं, पण सर परत आले तेव्हा कामाबद्दल एक शब्द बोलले नाहीत. त्या पोरीबद्दलच बोलत राहिले. मग म्हणाले, "उद्या सकाळी प्रमिला आली की तिची फ्लॉपी लावून बघू. ग्रेस तिच्याकडे होतं."

उद्या सकाळी. किल्ली माझ्याकडे.

मी नेहमीपेक्षा तासभर आधी ऑफिसला गेले. पिवळी फ्लॉपी लावली. तिच्या ओळी होत्या. सगळ्या. वर तिच्या नावाची आद्याक्षरं, आणि प्रत्येक नियमापुढे त्याचा खुलासा, मराठीच पण इंग्रजी अक्षरांत लिहिलेला. फ्लॉपी होती तशी कपाटात ठेवली असती तर सरांनी दोन मिनिटांत ओळखलं असतं की तिची फांदी चोख होती आणि जोडणी झालीच नव्हती. मला काय झालं असतं? सर रागावले असते. किल्ली काढून घेतली असती. कदाचित तेही केलं नसतं – मी दोन वर्षं मनापासून काम केलं होतं. एवढंच. एवढ्यासाठी मी कपाटातल्या, त्या शनिवारच्या आधीच्या खोडाच्या प्रतीतून जुनी फाईल घेतली आणि तिच्या फ्लॉपीवर चढवली. तिच्या ओळी गेल्या. मशीनने नेहमीसारखं सांगितलं, एक फाईल कॉपी झाली. मी फ्लॉपी कपाटात ठेवली, कुलूप लावलं, खाली जाऊन टपरीवर चहा घेतला. चहा गोड लागला, हेसुद्धा आठवतंय.

दहा वाजता सगळ्यांसमोर सरांनी फ्लॉपी लावली. ग्रेसच्या ओळी नाहीत. त्यांनी रजिस्टर उघडलं. तिची सही, माझी सही. मला विचारलं, "वाचलं होतंस ना?" मी म्हणाले, "हो सर. फ्लॉपीवर जे होतं ते वाचलं. फरक काहीच निघाला नाही."

मी वाट बघत होते की प्रमिला म्हणेल, सर, वाचन झालंच नाही, मी आधीच सही करून गेले होते. एवढं म्हणाली असती तरी मी अडकले असते. ती म्हणाली नाही. का? – मी तिला गाडी मिळावी म्हणून पाठवलं होतं ना! मला बोल लागेल म्हणून ती गप्प बसली. ती फक्त पडद्याकडे बघत होती, वरून खाली, पुन्हा वरून. मग माझ्याकडे वळून तिच्या घरच्या बोलीत पुटपुटली, "मनाच हातथून राही गयं व्हई. लाईट गयी व्हती ना, सेव्हच करं नसीन."

आपल्याच हातून राहिलं, हे तिने खरंच मानलं. माझ्यावर संशय घ्यायचं तिच्या मनातच आलं नाही. ओळी गेल्या कुठे हे विचारण्यापेक्षा स्वतःवर अविश्वास दाखवणं तिला सोपं गेलं, आणि मी शेजारी उभी राहून ते होऊ दिलं.

सरांनी आठवड्याने तिला यायला नको म्हणून सांगितलं. ओरडले नाहीत. तिचे आबा न्यायला आले होते, पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी. जिन्याखाली चपला घालता घालता त्यांनी वर आमच्याकडे पाहून नमस्कार केला आणि आता पुरे झालं अशा सुरात तिला म्हणाले, "बस व्हयनं आते. चाल घर." जूनमध्ये मी लग्नाला दोंडाईचाला गेले. हो, गेले. आहेरात स्टीलचा डबा दिला.

त्यानंतर सात-आठ वर्षांनी ती मला धुळ्याच्या स्टँडवर भेटली. बरोबर मुलगी होती, पाचेक वर्षांची. मी तेव्हा तिथल्या एका संस्थेत कॉम्प्युटर शिकवत होते, चांगलं चाललं होतं. बाकावर बसून गप्पा झाल्या. तिच्या गावातल्या शाळेतही कॉम्प्युटर आले होते, आणि हेडमास्तर स्वतः घरी येऊन तिला शिकवायला बोलावून गेले होते. सासरचे हो म्हणाले होते. तिनेच नको म्हटलं.

"नाही गं, माझा भरवसा नाही," ती हसत म्हणाली. "गॅस बंद केला की नाही ते तीन-तीनदा बघते मी. कुलूप लावून निम्म्या रस्त्यातून परत जाते. घरात सगळे चिडवतात. माझ्या एका चुकीने त्या पोरीने मार खाल्ला, आठवतं ना? आता लेकरांच्या कामात हात नको घालायला."

बोलता आलं असतं. गाडीला वीस मिनिटं होती. गॅस तू पहिल्या वेळीच बंद केलेला असतोस, कुलूप लावलेलं असतं, तुझ्या ओळी सगळ्या होत्या – एवढंच तर सांगायचं होतं. ती माझ्या उजव्या हाताशीच बसली होती.

गाडी लागली तशी ती उठली. मुलीचं बोट धरलं, आणि दुसऱ्या हाताने माझा दंड दाबून म्हणाली, "तेव्हा सगळे गप्प गप्प झाले होते. तू एकटीच माझ्याशी पहिल्यासारखी वागलीस. लग्नालासुद्धा आलीस. मी विसरले नाही."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "जाऊ दे गं प्रमिला. होते चूक एखाद्याच्या हातून."