खरेसाहेबांनी आधी कुणाला घेतलं

खरेसाहेबांच्या कुवेतमधल्या, महबूला भागातल्या फ्लॅटचं दार उघडलं की काहीतरी अंगावर यायचं. मोसंबं, मोज्यांची गुंडाळी, एकदा तर खुब्जच्या रोट्यांची अख्खी पिशवी. झेललं तर "ये", सुटलं तर "हात कुठे ठेवून आलास?" माझ्या बायकोनं पहिल्याच भेटीत एका हातानं मोसंबं झेललं, तेव्हापासून ते तिला माझ्याहून वरची मानायचे.

ते पुण्याचे, आमच्या पेट्रोकेमिकल प्लांटमध्ये माझे वरिष्ठ. तरुणपणी अमेरिकेत शिकले आणि पदवीबरोबर तिथल्या फुटबॉलचं वेड घेऊन आले. कुवेतमध्ये त्यांनी आम्हा मराठी मंडळींना त्यातला सौम्य प्रकार शिकवला. कुणाला आडवं पाडायचं नाही. कमरेची कापडी पट्टी ओढली की पळणारा थांबला. मागे उभा राहून चेंडू फेकतो तो क्वार्टरबॅक, चेंडू काखेत धरून गर्दीतून पळत सुटतो तो रनिंग बॅक. हिवाळ्यात दर शुक्रवारी सकाळी, इमारतींमागच्या रेताड मैदानावर.

तीन हिवाळे त्यांचा रनिंग बॅक मी होतो. नाशिकच्या शाळेत असल्यापासून मला पळणं तेवढं येत होतं आणि त्याला काही किंमत आहे हे सांगणारे पहिले तेच. "काय निसटतो हा, साबणाची वडी नुसती," असं ते कडेला उभे राहून पुटपुटायचे. मला ऐकू यावं इतपत मोठ्यानं.

चौथ्या हिवाळ्यात खेळणारे वाढले, म्हणून संघ नव्यानं पाडायचं ठरलं. कप्तानांनी आळीपाळीनं एकेक खेळाडू निवडायचा. सगळे खरेसाहेबांच्याच हॉलमध्ये जमलो. पहिली पाळी त्यांची निघाली. मी आधीच त्यांच्या शेजारची खुर्ची धरून बसलो होतो.

त्या वर्षी समीर रेगे नवा आला होता. शेजारच्या अबू हलीफा भागातल्या एका क्लिनिकमध्ये फिजिओथेरपिस्ट, तोही अमेरिकेत शिकलेला. कुणीतरी म्हणालं, साहेब, विचार कसला करताय, नितीन आहेच. खरेसाहेबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"पळणारा पुढच्या फेरीतही मिळेल. फेकणारा मिळायचा नाही. समीर."

पुढची फेरी त्यांच्यापर्यंत येण्याआधीच दुसऱ्या कप्तानानं मला उचललं. मला त्या खुर्चीवरून उठून हॉलच्या पलीकडे जावं लागलं. माझ्या जागी समीर बसला.

तेव्हापासून सामना संपला की पोह्यांना समीर त्यांच्या घरी. प्लांटवर डबा खाताना ते माझ्याशी पूर्वीसारखेच बोलायचे, पण बोलायचे समीरच्या हाताबद्दल. "चेंडू त्याच्या हातातून सुटत नाही रे, निघतो," असं म्हणताना त्यांचा चेहरा असा उजळायचा की मी अर्ध्यातच डब्याचं झाकण लावायचो. समीर निदान गर्विष्ठ असता तर बरं झालं असतं. तो भेटला की आधी माझ्या मुलीची चौकशी करायचा.

अखेरच्या सामन्यात आम्ही समोरासमोर आलो. चेंडू माझ्याकडे होता, पुढे एकटा समीर. त्याला चकवायला मी वळलो आणि गुडघा माझ्याबरोबर वळलाच नाही. पडल्या पडल्या मी खरेसाहेबांकडे पाहिलं. वाटलं, ते धावत येतील. ते रेषेवर डोक्याला हात लावून उभे राहिले आणि ओरडले, "समीर, बघ त्याला." समीरनं माझा गुडघा दोन्ही हातांत धरला, अगदी जपून. मला रडू फुटलं. सगळ्यांना वाटलं, गुडघ्यामुळे.

मग मात्र ते रोज संध्याकाळी घरी यायला लागले. खालच्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, मिळेल ते फळ आणायचे, सोलून द्यायचे. एकदा सोलता सोलता म्हणाले, "तुला घेतलं असतं तर प्रत्येक चेंडू तुलाच दिला असता. मला दुसरं सुचतच नाही. आणि तुझा गुडघा गेल्या वर्षापासून कुरकुरत होता."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगून तू थांबला असतास?"

हे खरं होतं की माझ्या समाधानासाठी रचलेलं, मला आजही ठरवता येत नाही. मी ते ठेवून घेतलं. पण गुडघ्याचे व्यायाम समीर करून घ्यायचा आणि त्याच्याकडूनच मला कळलं की खरेसाहेबही अमेरिकेत रनिंग बॅक होते, त्यांचाही गुडघा असाच गेला होता. तीन हिवाळे मी त्यांच्या संघात होतो. मला हे ते कधी बोलले नव्हते.

नोकरी संपल्यावर ते पुण्याला परतले. फोन व्हायचे. गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी मी प्लांटवर असताना समीरचा फोन आला. पहाटे झोपेतच गेले. त्यांच्या मुलीनं त्याला कळवलं होतं, तो मला कळवत होता. तो हुंदके देत राहिला. मी त्याला धीर देत होतो, बस जरा, पाणी पी म्हणत होतो. आणि मनात एकच घोळत होतं, की तिनं फोन आधी त्याला केला.