तिरकी ताडपत्री आणि फिरणारा वारा

मंडळी, माझी लेक सई उद्या मैत्रिणींबरोबर राजूरकडच्या डोंगरात मुक्कामाला जायचं म्हणतेय. तंबू नाही, झाडांना बांधायची झोळी आणि वर ताडपत्री. मी अजून हो म्हटलेलं नाही.

आज दुपारी पाऊस होताच. म्हटलं, "आधी अंगणात बांधून दाखव."

ताडपत्री बघूनच मला शंका आली. समोरासमोरचे दोन कोपरे लांब, दोन आखूड. शेजारच्या काकू म्हणाल्या, "शिंप्याचा डोळा लागला हुता का गं कापताना?"

"काकू, झोळीत तिरकं झोपतात. डोकं आणि पाय येतात तिथंच लांब कोपरे," सई म्हणाली.

तिनं झोळी बांधून वर ताडपत्री ताणली, तशी मीच झोळीत शिरले. पायाकडचा लांब कोपरा दक्षिणेला होता. दक्षिणेला पाय नकोत, म्हणून मी ते दुसरीकडे वळवले आणि भिजले.

"आई, पावसाला दिशा कळत नाही!"

पाय तिच्या म्हणण्याप्रमाणे केले, तर खरंच थेंब लागेना. तेवढ्यात वारा फिरला आणि आखूड बाजूनं माझा खांदा ओला झाला.

"रात्री असं झालं तर?"

"उठायचं, त्या बाजूची दोरी खाली ओढून बांधायची."

उठायचं म्हणे! स्वयंपाकघरात भांडी कोसळली तरी ही पोर कूस बदलत नाही.

तुमच्यापैकी कुणी अशा ताडपत्रीखाली झोपलंय का? खरं सांगा, वारा फिरल्यावर आपोआप जाग येते?