निम्मा कर कुणी सोसायचा

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत आमचा शिवणाचा गाळा आहे. मी आणि माझी थोरली वहिनी मिळून तो चालवतो. स्वयंपाक करताना घालायचे एप्रन आम्ही शिवतो, आणि परवापरवापर्यंत आमचा जवळजवळ सगळा माल अमेरिकेतल्या एकाच कंपनीला जायचा. सगळी अंडी एका टोपलीत ठेवू नयेत हे आम्हालाही कळत होतं. पण ती कंपनी नियमित काम देत होती, आणि नियमित कामाची सवय लागते.

तिकडच्या सरकारने आपल्या मालावर भलामोठा कर बसवला, तेव्हा नाताळच्या ऑर्डरचं लाल-हिरव्या चौकडीचं कापड आमच्या टेबलावर कापून पडलं होतं. अर्धे एप्रन शिवूनही झाले होते. त्या कंपनीचा अंधेरीतला माणूस गाळ्यावर आला. चांगला माणूस. चहा घेतला, वहिनीच्या गुडघ्याची चौकशी केली आणि मग म्हणाला, "ताई, या करातला निम्मा आपल्याला सोसावा लागेल."

"आपल्याला म्हणजे कुणाला? तुम्ही धरून का?" मी विचारलं.

त्याने कप खाली ठेवला. "तुमचे दर तेवढे कमी करा, असं त्यांचं म्हणणं आहे. नाहीतर बाकीच्या देशांत शिवणारे पुष्कळ आहेत."

मला आधी भीतीच वाटली. शिवणाऱ्या बायका मशीन थांबवून आमच्याकडे बघत होत्या. दर कमी करायचा म्हणजे त्यांच्याच मजुरीला कात्री लावायची. कापडवाला आणि वीजवाला काही कमी करणार नव्हते. याच कंपनीचा तपासनीस आदल्या वर्षी येऊन 'मजुरी योग्य द्या' म्हणून बजावून गेला होता.

मी म्हणाले, "कर त्यांच्या सरकारने लावला, तो त्यांच्या तिजोरीत जाणार. आमच्या बायकांनी का भरायचा? दर तोच राहील."

"ताई, विचार करा. ऑर्डर जाईल."

वहिनीने हातातली कात्री टेबलावर ठेवली. चिडली की ती मालवणीवर येते. "जांव दे गेली तर! भीक मागूक गेलंव काय आम्ही?"

ऑर्डर गेली. पाठोपाठ बँकेतून फोन आला. ऑर्डरवर दिलेल्या कर्जाबद्दल साहेबांना बोलायचं होतं. आता आमच्यात जोखीम वाढली म्हणे. गाळा तोच, मशीन त्याच, हात तेच. तिकडे कुणीतरी सही केली आणि इकडे आम्ही जोखीम झालो! मी बँकेत जाऊन साहेबांकडे हप्ते पुढे ढकलून मागितले, आणि मिळेपर्यंत त्यांच्या समोरच्या खुर्चीवरून उठले नाही.

वहिनी शिवलेले एप्रन पिशवीत भरून कांदिवलीतल्या पोळीभाजी केंद्रांत फिरू लागली. पहिल्या ठिकाणी बायका हसल्या. "असलं कोण घालतं, ताई? गाऊन आहे ना!" दुसऱ्या ठिकाणी एकीने घालून बघितला आणि म्हणाली, "खिसा मोठा हवा, मोबाइल मावत नाही यात." संध्याकाळी आम्ही खिसे उसवायला घेतले.

सगळं झकास झालं असं नाही. इथला भाव कमी, आणि माल थोडा थोडा जातो. शिवणाऱ्यांतल्या दोघीजणी दुसरीकडे कामाला गेल्या. त्यांना थांबा म्हणायची माझी हिंमत झाली नाही. काही बंद मशीनवर अजून कापड झाकलेलं असतं. पण जी चालते, तिच्यावरच्या बाईची मजुरी आम्ही कमी केलेली नाही.

मध्यंतरी अंधेरीच्या त्या माणसाचा पुन्हा फोन आला. दुसरीकडून आलेल्या मालाची शिवण उसवतेय, नमुने पाठवाल का, म्हणून विचारत होता.

"पाठवते ना," मी म्हटलं. "पण आधी दर ठरवू. कापूस महागलाय, त्यामुळे जुना दर आता परवडायचा नाही. आणि कराचं तुमचं तुम्ही बघा."

"विचारून सांगतो," तो म्हणाला.

"विचारा," मी म्हटलं, आणि खिशांच्या गठ्ठ्याकडे वळले.