पाइपावर उलटा हात

आमच्या डोंगरावर पाणी कधी येईल ते ब्रह्मदेवालाही ठाऊक नसायचं, पण मालनकाकीला असायचं. हा घाटकोपर पश्चिमेचा डोंगर. खालच्या रस्त्यापासून आमच्या चाळीपर्यंत एकशे सदतीस पायऱ्या, मोजल्यात मी. पाणी दिवसातून एकदा, पाऊण तास. कधी सकाळी दहाला, कधी दुपारी तीनला. आता त्या वेळेला घरात कोण असतं हो? मी नंदू, रिक्षा चालवतो. माझी बायको माधुरी शिवणाच्या कारखान्यात. अशी अकरा घरं, सगळ्यांच्या दाराला कुलूप. या अकरा घरांची दाराबाहेरची पिंपं चौदा वर्षं मालनकाकी भरत होती.

तिला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. नवरा गेला, मुलगी अपूर्वा कॉलेजात, काकी घरी पापड लाटायची. कुणीतरी एकीने म्हटलं, "काकी, जरा माझा पण नळ सोडशील?" त्या 'जरा'ची चौदा वर्षं झाली.

तिची पद्धत साधी. मधूनमधून यायची आणि मोठ्या पाइपाला उलटा हात लावायची, तापल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा. मग एकदम हाक. "पाणी इला गो!" काकी मालवणकडची, बोलणं अजून तिकडचंच. त्या हाकेला जी कोण घरात असेल ती हंडे घेऊन पळायची, आणि काकी बाकीच्या पिंपांवर.

या पाण्यापायी काकीच्या घरात काय झालं, ते आम्हाला दिसत होतं. अपूर्वाचं लग्न होऊन ती बोरिवलीला गेली. पहिलं बाळंतपण झालं तेव्हा काकी पहाटे जायची आणि नऊच्या आत परत. एकदाही राहिली नाही. सगळं सासूने केलं. अपूर्वा वर्षभर आईशी बोलली नाही. आणि आम्ही काय म्हणालो? "पोरगी जरा हट्टीच आहे." लाज वाटते आता सांगायला.

यंदा अपूर्वाला पुन्हा दिवस राहिले. डॉक्टरांनी झोपूनच राहायला सांगितलं, म्हणजे आमच्या पायऱ्या चढून माहेरी येणं बादच. तिने फोनवर आईला स्पष्ट सांगितलं, "महिनाभर राहणार असशील तर ये. उभ्या उभ्या यायचं असेल तर येऊच नकोस." काकी माझ्या दारात येऊन बसली आणि रडली. "नंदू, माका जावचा आसा रे," एवढंच म्हणाली. मी म्हटलं, बघू.

त्याच सुमाराला भाविका आणि सर्वेश आले. दोघं कॉम्प्युटर कंपनीत कामाला. दर शनिवारी वस्त्यांमध्ये जाऊन फुकट काम करतात, स्वयंसेवक म्हणून. घरोघर फॉर्म भरून घेतले. सगळ्यांनी लिहिलं, पाण्याची वेळ. मग त्यांनी मोठ्या पाइपावर एक डबा बसवला. पाणी आलं की प्रत्येकाच्या मोबाइलवर मेसेज. झकास! काकीने त्याच दिवशी बॅग भरली.

पहिला मेसेज आला तेव्हा मी साकीनाक्याला. पॅसेंजरला अर्ध्यात उतरवलं, त्याच्या शिव्या खाल्ल्या, एकशे सदतीस पायऱ्या धावत चढलो. वर दहा-बारा जण हंडे घेऊन उभे, आणि नळातून काय, तर सूं! नुसती हवा. पाणी आलं पाऊण तासाने. तिसऱ्या दिवशी पुन्हा मेसेज आला, कुणी उठलंच नाही. तेव्हा नेमकं पाणी होतं. वाट लागली सगळी. तशातही काकीने अकरा पिंपं भरली. मग आत गेली, बॅग उघडली आणि साड्या परत कपाटात ठेवल्या.

मी भाविकाला फोनवर नको नको ते बोललो. वाटलं, आता ही पोरगी फिरकत नाही. तर सोमवारी ऑफिसला सुट्टी टाकून हजर. "दादा, डब्याला पाइपातला आवाज कळतो. हवा की पाणी, ते नाही कळत," म्हणाली.

"मग मला काय सांगता? हिला विचारा," मी काकीकडे बोट केलं.

"फॉर्म भरताना या दिसल्या नाहीत."

"खंय दिसतंय?" काकी म्हणाली. "मी नळार होतंय."

अख्ख्या डोंगराला विचारून झालं होतं, फक्त पाणी भरणारीला सोडून. भाविकाने जीभ चावली. पाच दिवस ती काकीशेजारी उन्हात बसली. दुसऱ्या दिवशी पाइप सूं करायला लागला तसा काकीने तिचा हात धरून पाइपावर ठेवला. "गरम आसा ना? म्हणजे वारो." थोड्या वेळाने पुन्हा ठेवला. "आता?"

"थंड!" भाविका ओरडली.

"मग आराडतंस कित्याक? पाणी भर गो!"

त्या शनिवारी सर्वेशने डब्याला थंड-गरम कळणारी वायर जोडली. आवाजही हवा आणि पाइप थंडही हवा, तरच खबर द्यायची. आता मेसेजवर कुणाचा भरवसा उरला नव्हता, म्हणून भाविकाने काकीची हाकच भरून घेतली. मोबाइल वाजला की काकी ओरडते, "पाणी इला गो!" तीन आठवड्यांत एकदाही चुकलं नाही. मी छाती फुगवून म्हटलं, "काकी, भर बॅग!"

काकी जागची हलली नाही. "डबो हाक मारतलो. नळ कोण उघडतलो?"

भाविका म्हणाली, "ते आमच्या डब्याला नाही जमणार, काकी." आणि माझ्याकडे बघितलं. खोटं कशाला बोलू, मला तिचा राग आला. आमच्या वस्तीत येऊन ही कोण आमच्याकडे बघणार? पण बघण्यात चूक काहीच नव्हती. रात्रभर तेच डोक्यात. सकाळी मी अकराही घरी गेलो, पाळ्या लावल्या. ज्याची पाळी, त्याने कामाला खाडा करून अकराही पिंपं भरायची. दोन घरांशी भांडलो. मंगळवार माझा, रविवार शेजारच्या देवव्रतचा.

पहिल्या मंगळवारी पाऊण तासात माझी आठच पिंपं झाली. रबरी पाइप हातातून सटकला, शर्ट भिजला, कंबर धरली. आईशप्पथ, ही बाई चोपन्न वर्षांची, आणि रोज अकरा भरायची! त्याच संध्याकाळी मी तिला रिक्षाने बोरिवलीला सोडलं.

बाळ झालं, मुलगी. रविवारी मी पेढे घेऊन बघायला गेलो. काकी अपूर्वाच्या पायांना तेल चोळत पलंगावर बसली होती. इतक्यात उशाशी तिचा मोबाइल वाजला. "पाणी इला गो!"

काकी ताडकन उठली. पदर खोचायला गेली, तर त्याचं टोक अपूर्वाच्या मुठीत.

"आई, बस."

"अगो, पण पिंपा..."

"आज देवव्रतची पाळी आहे," मी म्हटलं. "भरतोय तो."

काकी कान देऊन उभी राहिली, जणू इथून डोंगर ऐकू येणार होता. मग खाली बसली. चौदा वर्षांत पाणी आलं आणि मालनकाकी बसली, असं मी पहिल्यांदाच बघितलं. अपूर्वाने पदर मात्र सोडला नाही.