झबल्यातली बाटली

रूथमावशी गेली त्या सकाळी मी अंगणात दाढी करत बसलो होतो. एक गाल साबणाचा, एक मोकळा. मावशीच्या शेजारची सकीनाबी फाटकातूनच म्हणाली, “शमूभाऊ, चला वायच. मावशी उठत नाय हो.” मी तसाच गेलो. मावशी कुशीवर झोपली होती, हात गालाखाली, पांघरूण खांद्यापर्यंत नीट ओढलेलं. उशाशी पाण्याचं भांडं काठोकाठ भरलेलं होतं, म्हणजे रात्री तिला उठावंही लागलं नव्हतं. माझ्या मनात पहिला शब्द आला तो ‘सुटली’. रडू नंतर आलं, भरपूर आलं, पण आधी आला तो सुटकेचा श्वास, खोटं कशाला बोलू? गेली दोन वर्षं ती एकच प्रार्थना करायची, तीही मोठ्यानं, आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल अशी : “देवा, मला अंथरुणावर ठेवू नकोस. माझं वजन फार आहे, उचलणाऱ्यांचे हाल होतील.” देवानं ऐकलं. अर्थात मावशीचं न ऐकण्याची छाती रत्नागिरीत फार थोड्यांची होती.

याला आता महिना झाला. शाळेत ती शिवण शिकवायची, त्यामुळं गावातल्या निम्म्या बायका अजून तिला ‘शिवणबाई’ म्हणूनच ओळखतात. काज वाकडं झालं तर पुन्हा उसवायला लावणारी बाई, ही तिची कीर्ती. नवरा बंदरात नोकरीला होता, तो लवकर गेला. मूलबाळ नाही. मग ती आमच्या सगळ्या मंडळीचीच मावशी झाली. मंडळी म्हणजे आमची ख्रिस्ती माणसं, आणि आमचं देऊळ म्हणजे मांडवीच्या वाटेवरची जांभ्याच्या भिंतींची, मंगलोरी कौलांची एक बुटकी इमारत. बाहेरचे लोक तिला चर्च म्हणतात, आम्ही देऊळच म्हणतो. त्या देवळातल्या वेदीवरची चादर, फुलं, मेणबत्त्या आणि प्रभुभोजनाचा रस, हे सगळं मावशीकडं होतं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासनेत आम्ही भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट घेतो. आमच्याकडं दारू चालत नाही, म्हणून काळ्या मनुका भिजवून, उकळून, कुस्करून त्यांचा रस काढतात. मावशीचा रस दाट, गोड आणि निर्मळ असायचा. त्याला हात लावायची कोणालाही परवानगी नव्हती. मी पंचकमिटीचा चिटणीस, पण मलासुद्धा नाही. “तू झेडपीत कागद रंगव, इथं चमचा धरू नकोस,” हे तिचं उत्तर.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. आमच्या पाळकसाहेबांची, म्हणजे देवळातल्या धर्मगुरूंची, बदली झाली आणि त्यांच्या जागी कोणी आलंच नाही. महिन्यातून एकदा कोल्हापूरहून एक पाळक एस. टी.नं यायचे, तेही घाट चालू असला तर. माणसंही कमी होत चालली होती. कोणाचा मुलगा मुंबईला, कोणाची मुलगी पुण्याला... मागची बाकं रिकामी दिसू लागली. एका आंबेवाल्या व्यापाऱ्यानं तर पेट्या ठेवायला जागा भाड्यानं मिळेल का, अशी चौकशीही केली. ती मावशीच्या कानावर गेली. तिनं त्याला काय सुनावलं ते मला माहीत नाही, पण तो माणूस पुढं आमच्या रस्त्यानं जायचाच बंद झाला. आणि मग निरोप आला की खुद्द बिशपसाहेब येणार आहेत. तीन मुलींचं दृढीकरण होतं, म्हणजे मोठ्या झालेल्या मुलांना मंडळीत पक्कं सामावून घेण्याचा विधी. ते एक निमित्त. खरं काम दुसरं होतं. रत्नागिरीला पाळक द्यायचा की देवळाला कुलूप लावायचं, हे त्यांना डोळ्यांनी पाहून ठरवायचं होतं.

मी युक्ती काढली. भेट मे महिन्यात घ्यावी, तेव्हा चाकरमानी गावाला आलेले असतात, देऊळ गच्च भरेल. बिशपसाहेबांना मे जमेना, त्यांनी श्रावणातला रविवार दिला. मग मी दुसरी युक्ती काढली : ऑफिसातल्या चार मित्रांना कुटुंबासकट आणून मागच्या बाकांवर बसवायचं. ते तयारही होते. मावशी ऐकून घेत होती, हातात सुई. तिनं दोरा दातानं तोडला आणि म्हणाली, “मेल्या, उसनी माणसं बसवून देऊळ राखणार तू? आहोत तेवढेच दाखव. आहोत ते नीट बसलो, म्हणजे झालं.” माझी युक्ती तिथंच बारगळली. पण ती आठवडाभर पावसात छत्री घेऊन हिंडली. कोण रुसलं होतं, कोण भांडलं होतं, कोणाला वर्षभर देवळाची आठवण झाली नव्हती, सगळ्यांच्या ओट्यावर जाऊन बसली. पालीला राहणाऱ्या फिलीपकाकांकडंसुद्धा एस. टी.नं जाऊन आली. हे काका म्हणजे लग्नाच्या पंगतीत पहिल्या घासाला “मीठ जास्त!” म्हणणारे. त्यांचं आणि मावशीचं एका लग्नातल्या रश्श्यावरून कित्येक महिने वाकडं होतं. ते आले.

त्या रविवारी मावशी पिशवी घेऊन सगळ्यांच्या आधी देवळात हजर होती. पिशवीत दोन बाटल्या, दोन्ही सरबताच्या जुन्या, एकसारख्या. एकीत मनुकांचा रस, वेदीसाठी. दुसरीत कोकमाचं आगळ, दुपारच्या सोलकढीसाठी. आगळ म्हणजे रातांब्यांच्या सालींना चांगलं सढळ हातानं मीठ लावून सुटलेला रस, तो वर्षभर टिकतो तो त्या मिठावरच. बाहेर आभाळ भरून आलेलं, आतल्या खोलीत अंधार, मावशीच्या डोळ्यात तेव्हाच मोतीबिंदू उतरू लागलेला, आणि मनात कुलूप. एक बाटली तिनं वेदीमागच्या खोलीत ठेवली, दुसरी मागच्या पडवीत माझ्या बायकोकडं, इस्तेरकडं दिली. पुढं काय झालं ते कोकणातल्या वाचकाला सांगायला नको.

उपासना फार छान चालली होती. मुली दृढीकरणाच्या पांढऱ्या कपड्यांत, बाकं बऱ्यापैकी भरलेली, गाणं एका सुरात. प्रभुभोजनाची प्रार्थना सुरू झाली आणि मला दारात इस्तेर दिसली. पदराखाली बाटली, चेहरा पांढराफटक. नारळाच्या रसात घालण्याआधी तिनं सवयीनं थेंबभर चाखून पाहिलं होतं, आणि आगळ गोड लागलं होतं! ती माझ्याकडं बघून मान हलवत होती. मला कळेना. बाटल्यांची अदलाबदल झालीय हे कळलं तेव्हा बिशपसाहेबांनी प्याला उचललेला होता. आता उठून काय ओरडणार? मी बाकाची कड धरून बसून राहिलो.

बिशपसाहेब घोट प्याले. त्यांचा कंठमणी एकदा वर गेला आणि बऱ्याच वेळानं खाली आला. ते थांबले. त्यांनी प्याल्यात पाहिलं, मग समोर पाहिलं. समोर पहिल्या बाकावर मावशी डोळे मिटून, हात जोडून बसली होती... ते पुढं झाले आणि गुडघे टेकलेल्या पहिल्या माणसाच्या ओठांना त्यांनी प्याला लावला. ते होते फिलीपकाका. जन्मभर मिठावरून रश्श्याचे वाभाडे काढणारा माणूस तो. काकांनी घोट घेतला, डोळे घट्ट मिटले, गिळला, आणि कधी नव्हे एवढ्या मोठ्यानं म्हणाले, “आमेन!” मग सगळे. एकामागून एक माणूस गुडघे टेकत होता, घोट घेत होता, आणि उठताना त्याला उमगत होतं की हे मावशीच्या हातून झालंय आणि आज बिशपसाहेब आलेत. एकानंही तोंड वाकडं केलं नाही, कोणी खोकलंही नाही. त्या तीन मुलींचा तर हा पहिलाच घोट. त्यांतली एक मला पुढं म्हणाली, “मला वाटलं, असंच असतं.” मी घोट घेतला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, ते सगळं मिठानं आलं नव्हतं.

मावशी नेहमी सगळ्यांत शेवटी जायची. ती गेली, घोट घेतला, आणि गुडघ्यांवरून उठेचना. शेवटी इस्तेरनं तिला धरून आतल्या खोलीत नेलं.

उपासना संपल्यावर सगळी मंडळी मागच्या नळावर दिसली. कोणी पाय धुतंय, कोणी रुमाल भिजवतंय, आणि प्रत्येकजण पाठ फिरवून हळूच चूळ भरतोय. दुसऱ्याला कळू नये अशी सगळ्यांची खटपट. आत खोलीत मावशी खुर्चीवर बसली होती, आणि बिशपसाहेब तिच्यासमोर झगा न उतरवता उभे होते. “साहेब,” ती म्हणाली, “कुलूप लावायचं तर लावा. पण माझ्या चुकीपायी लावू नका हो. माणसं चांगली आहेत. मी उद्यापासून या कामाला हात लावणार नाही.” तिचा आवाज असा मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

बिशपसाहेब उंच, धिप्पाड, घाटावरचे गृहस्थ. ते म्हणाले, “बाई, मला वाटलं कोकणात असंच असेल. समुद्र जवळ आहे.” मावशी हसली नाही. तेव्हा ते शेजारच्या खुर्चीत बसले. “माझ्याकडं मोठमोठी देवळं आहेत. तिथं घंटा जरा उशिरा वाजली तरी माझ्याकडं तक्रार येते. आज इथं एवढी माणसं मीठ गिळून गेली, आणि अजून एकजण माझ्याकडं आलेला नाही. या देवळाला कुलूप लावणारा मी कोण?” मग उठले आणि मला म्हणाले, “चिटणीस, सगळ्यांना पुन्हा आत बोलवा. मनुकांच्या रसाचं प्रभुभोजन राहिलंय, तेही करू. आणि रस बाईंनीच आणायचा.”

मावशी नाही म्हणत होती. इस्तेरनं पदराखालची बाटली तिच्या हातात दिली. नळावरची माणसं ओल्या पायांनी परत आत आली, आणि मावशी ती बाटली दोन्ही हातांनी धरून मधल्या वाटेनं वेदीपर्यंत चालत गेली. वेदीपाशी पोचल्यावर ती थांबली, बाटली तिरकी करून एक थेंब तळहातावर घेतला, चाटला, आणि मगच प्याल्यात ओतली. कोणीतरी हसलं. मला वाटतं फिलीपकाका. मग सगळेच हसलो, अगदी बिशपसाहेबसुद्धा. उपासनेत असं हसू मी आधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही. छातीवरचा धोंडा उतरल्यावर माणूस हसतो ना, तसं. दुपारी सोलकढी झाली, ती मात्र झकास होती, आणि जीपमध्ये बसताना साहेबांनी आगळाची एक बाटली मागून घेतली. पुढच्या महिन्यात पाळक आले. तेव्हापासून देवळाला पाळक आहेतच.

पहिलं प्रभुभोजन खरं की दुसरं, यावर आमच्या मंडळीत पुढं वर्षभर वाद चालला. फिलीपकाका पहिल्याच्या बाजूचे. “दुसऱ्यात काय, कोणीही प्याला असता,” असं ते म्हणायचे.

मावशीनं मात्र त्याच आठवड्यात रसाच्या बाटलीला झबलं शिवलं. पांढऱ्या मांजरपाटाचं, मानेशी एक बटण, छातीवर लाल दोऱ्याचा बारीक क्रूस. डोळ्यांना नाही दिसलं तर बोटांना कळेल, म्हणून. आगळाची बाटली उघडीच राहिली. आणि तळहातावर थेंब घेऊन चाखायची सवय तिला जी लागली, ती शेवटपर्यंत. पुढं डोळे अगदीच गेले, तेव्हाही ती भिंत धरत आतल्या खोलीत जायची, झबलं चाचपायची, थेंब चाटायची आणि म्हणायची, “चालेल.”

जाण्याच्या आधीच्या शनिवारी तिनं मला बोलावून घेतलं. बाजेवर पडल्या पडल्या म्हणाली, “शमू, मनुका भिजवल्यात. आज तू कर.” इतकी वर्षं ज्या चमच्याला हात लावू दिला नव्हता, तो तिनं उशाखालून काढून दिला. मी तिच्या स्वयंपाकघरात उकळत होतो, आणि ती आतून वासावर हुकूम सोडत होती. “जाळ कमी कर... अजून नाही... आता उतर... फडकं पिळू नकोस मेल्या, आपसूक गळू दे, गढूळ होईल!” गार झाल्यावर मी वाटी घेऊन तिच्याकडं गेलो. तिनं तळहात पुढं केला. सुरकुत्यांत थेंब पसरला. तिनं चाटला, पुन्हा एकदा जीभ तळहातावरून फिरवली. माझा जीव टांगणीला. दहावीच्या निकालालासुद्धा इतका घाबरलो नव्हतो.

“चालेल,” ती म्हणाली, आणि भिंतीकडं तोंड करून झोपली. चारच दिवसांनी सकीनाबी फाटकात उभी राहिली.

परवा पहिला रविवार होता. मावशीशिवायचा पहिला प्रभुभोजनाचा रविवार. दिवस उजाडायच्या आत मी देवळात गेलो. आतल्या खोलीत कपाटात दोन बाटल्या शेजारी शेजारी उभ्या होत्या, एक उघडी, आगळाची, आणि एक झबल्यातली, मी आदल्या दिवशी रस करून भरून ठेवलेली. पाऊस नव्हता, उजेड स्वच्छ होता, डोळे माझे ठीक आहेत. तरी मी झबलं चाचपलं, क्रूस बोटाला लागला. बटण काढलं, बूच उघडलं आणि एक थेंब तळहातावर घेतला.

गोड होता. रिकाम्या खोलीत मी मोठ्यानं म्हणालो, “चालेल, मावशी,” आणि घंटा वाजवायला गेलो.