बांधावरची इटली

"तुझ्या इटलीचा कायदा माझ्या बैलांना कळत न्हाई! हो बाजूला, न्हाईतर नांगर अंगावर घालीन!"

माझा चुलता ओरडत होता. आमच्या जामखेडच्या माळावर आवाज अडवायला झाड नाही, त्यामुळे ती आरोळी पार नेवाशापर्यंत गेली असणार. मी पलटणीचे बूट घालून बांधावर उभा. पायाशी नुकताच रोवलेला, चुना फासलेला कोरा दगड.

मी लढाईवर होतो तेवढ्या वर्षांत चुलत्यानं दर नांगरटीला आमच्या दोघांमधला बांध कोरला होता. वडील गेलेले, आई एकटी, अडवणार कोण? मी परतलो तेव्हा बांध इतका बारीक झाला होता, की मुंगळ्यालाही अंग चोरून चालावं लागे.

लढाई संपल्यावर आमची तुकडी इटली आणि ऑस्ट्रियाच्या हद्दीवर पहाऱ्याला होती. तिथं ना भिंत, ना खंदक. गवतात नुसता एक पांढरा दगड. अलीकडं एक देश, पलीकडं दुसरा. एकदा एका कोंबडीनं बरोब्बर त्या दगडावर अंडं घातलं. ते कुणाचं, यावर दोन्हीकडचे शिपाई इतके भांडले, की तोवर पिल्लू निघून आरवायलासुद्धा लागलं. पण दगडाला कुणी हात लावला नाही! तसलाच दगड मी वडाराकडून घडवून घेतला आणि एकट्यानं खांद्यावर वाहून आणला. बैलगाडी होती, पण ती आपली सोबतीला.

पाटील मध्ये पडले. "भावकी हाय लेका. चार बोटं जमिनीपायी वाकडेपना कशाला?"

"चार बोटांसाठी तिकडं पलटनी उभ्या ऱ्हात्यात, पाटील. हितं मी एकटा पुरे!"

बैलांचे श्वास तोंडावर आले तरी मी हललो नाही. शेवटी चुलत्यानंच नांगर वळवला.

संध्याकाळी चुलती, रोजच्यासारखी, हातात गोवरी घेऊन विस्तव मागायला आली. मी दारात आडवा आलो.

"काकी, हद्द बंद हाय."

आईनं मला कोपरानं बाजूला सारलं आणि चुलीतला लालबुंद निखारा तिच्या गोवरीवर ठेवला. काकी गेल्यावर मी उसळलो. "आये, त्यांनी आपली जमीन खाल्ली, अन् तू त्यांची चूल पेटवतीस?"

आई भाकरी थापत राहिली.

"इस्तवाला न्हाई म्हनू नये. अन् दगड तू जुन्या बांधाच्या दोन हात अलीकडं रोवलायस. उद्या पलीकडं सार."